चिखलातली वीज घरात कधी येणार? तुम्ही विचारलंत म्हणून

"खाडीच्या चिखलातून वीज काढता म्हणे! मग गावाला कधी देताय?" लग्नाच्या पंगतीत, एसटीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडं असताना हे विचारलंय. दर वेळी "बघू" म्हणून वेळ मारून नेते. आज सरळ सांगते: देणार नाही.

चिखलातले बॅक्टेरिया गाळ खाताना इलेक्ट्रॉन सोडतात. पुरलेली ग्रॅफाइटची पाटी ते गोळा करते, आणि वायरीतून ते वर पाण्यातल्या दुसऱ्या पाटीकडे, म्हणजे कॅथोडकडे जातात. हा झाला एक सेल. आता हिशोब करा. चिखलात पुरलेल्या ग्रॅफाइटच्या एक चौरस मीटरमागे साधारण 10 ते 20 मिलिवॅट मिळतात. 20 धरू. 9 वॅटचा एक बल्ब सतत पेटता ठेवायचा तर 450 चौरस मीटर, म्हणजे साडेचार गुंठे ग्रॅफाइट पुरा. आमच्याकडे तेवढ्या जागेवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. "मग सेल एकापुढे एक जोडा की!" टॉर्चमध्ये जमतं, खाडीत नाही. सगळ्या पाट्या एकाच खाऱ्या पाण्यात असतात, पाणीच त्यांना आपसांत जोडून टाकतं आणि व्होल्टेजची बेरीज होत नाही.

मग उपयोग काय? अमेरिकेत पोटोमॅक नदीत अशा सेलवर हवामान मोजणारा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगतं यंत्र, चालवला, 2008 साली त्याचा शोधनिबंध आला. बोयाला लागत होते 18 मिलिवॅट. पहिला सेल 230 किलोचा, द्यायचा 24 मिलिवॅट. नंतरचा 16 किलोचा, 36 मिलिवॅट. बॅटरी बदलायला बोट काढणं जिथे महाग पडतं, तिथे हे सोनं आहे. घरात नाही.

एवढं ठाऊक असूनही तुमच्या मनात बल्ब कोणी पेटवला? मीच. तेच सांगायचंय.

रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत ओहोटीला मी हातभर लांबरुंद ग्रॅफाइटची पाटी पुरली होती. गुडघाभर काळा चिखल, सडक्या अंड्यांचा वास. वर पाण्यात कॅथोड, मध्ये तांब्याची वायर, जोडावर पाणी शिरू नये म्हणून इपॉक्सीचा लेप. दोन आठवड्यांत प्रवाह चढला, अपेक्षेपेक्षा बराच. मी हरखले. खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला येणाऱ्या मावशींना बोलावून लाल एलईडी लुकलुकवून दाखवला. सेलवर भार टाकला की मिळतात जेमतेम 0.4 व्होल्ट, त्या एलईडीला लागतात 1.8. मधली सर्किटची पेटी तासन्‌तास थेंबथेंब साठवून एक लुकलुक देत होती. ते मी बोलले नाही. एक मावशी म्हणाल्या, "बाय, मग आमच्या घरातला कधी पेटायचा?" मी म्हटलं, "पेटेल हो."

सत्तेचाळीसाव्या दिवशी पाटी उपसली. घमेल्यात धुताना जोडावरच्या इपॉक्सीला केसाएवढी चीर दिसली. नखानं खरवडली तर आतली वायर काळी ठिक्कर, तिचा भुगा बोटाला लागला. चिखलातल्या सल्फाइडनं तांबं खाल्लं होतं, आणि तांबं खाल्लं जाताना स्वतःच प्रवाह देतं. म्हणजे माझ्या एलईडीतली काही लुकलुक बॅक्टेरियांची नव्हतीच, गंजणाऱ्या वायरीची होती. किती? सांगता येणार नाही. तुलनेसाठी, सूक्ष्मजीव मारलेल्या चिखलात दुसरी पाटी पुरायला हवी होती. पुरली नव्हती. घाई. ओहोटी काय, रोज दोनदा येते; मला मात्र तेव्हा एक दिवस थांबवत नव्हतं.

त्या वेळची मी आजच्या मला म्हणेल, "लोकांना दिवा दाखवला नसता तर कोण ढुंकून बघणार होतं?" खरंय. त्या लुकलुकीनंतरच दोघा होडीवाल्यांनी माझी वायर नांगरापासून सांभाळली. पण "पेटेल हो" म्हणायची काय गरज होती? यावर तिच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

आता वायर टायटॅनियमची आहे. मारलेल्या चिखलातली पाटीही पुरलीय. जिवंत चिखलातल्या पाटीचा आकडा आता आधीच्या निम्माही येत नाही. त्यातही सल्फाइड ग्रॅफाइटवर बॅक्टेरियांवाचूनही इलेक्ट्रॉन सोडतं. पण ते सल्फाइड बनवलं बॅक्टेरियांनीच ना? मग ती वीज कोणाच्या खात्यात मांडायची, यावर माझं रोजचं मत वेगळं असतं.

मावशींना तांब्याच्या वायरीचं अजून सांगितलेलं नाही. परवा दिसल्या तेव्हा त्यांनी बल्बचं विचारलं नाही. तिसऱ्यांचा वाटा देऊ का, एवढंच विचारलं.