आ कोरुन्या : चाल सुरू करण्याआधीचा एक दिवस

स्पेनच्या वायव्येतल्या आ कोरुन्याला पोचल्यावर आम्ही लगेच सान्तियागो या तीर्थक्षेत्राच्या पायी वाटेला लागत नाही, एक दिवस गावासाठी ठेवतो. मध्ययुगात इंग्लंड-आयर्लंडचे यात्रेकरू जहाजाने याच बंदरात उतरायचे आणि पुढे पायी जायचे. म्हणूनच या वाटेचं नाव कामीनो इंग्लेस, म्हणजे इंग्रजी वाट. बंदर न बघता निघणं म्हणजे पंढरीला जाऊन चंद्रभागा न बघणं.

सकाळी आधी एर्कुलेसचा मनोरा. जुन्या गावापासून दोनेक किलोमीटर, रमतगमत अर्धा तास. रोमनांनी बांधलेलं हे दीपगृह आजही जहाजांना वाट दाखवतं. वर जायला 234 पायऱ्या आहेत, पण चढण्याआधी भिंत नीट बघा. मनोऱ्याभोवती एक तिरकी पट्टी वर वर चढत गेलेली दिसते. मूळ मनोऱ्याला बाहेरून चढण होती, ती काळाच्या ओघात ढासळली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जिआन्निनी या अभियंत्याने नवं दगडी आवरण चढवलं, तेव्हा त्या चढणीची खूण म्हणून ही पट्टी राखली. आतला गाभा रोमनच आहे. माथ्यावर वारा झोंबतो, टोपी सांभाळा.

जेवण दीड ते चारच्या दरम्यान उरका. नंतर बहुतेक स्वयंपाकघरं रात्री साडेआठपर्यंत बंद असतात आणि उपाशी पोटी हिंडावं लागतं. शाकाहारी मंडळींनी काल्दो गायेगोला भुलू नये : दिसायला पालेभाजी-बटाट्याचं सार, पण त्यात डुकराची चरबी असते. पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या आणि पाव घ्या. एखादी मिरची झणझणीत निघतेच.

संध्याकाळी मारीना रस्त्यावरचे पांढऱ्या चौकटींचे काचेचे सज्जे बघत जुन्या गावात, संत सान्तियागोच्या नावाच्या इथल्याच चर्चमध्ये. वाट इथूनच सुरू होते. पहाटे निघताना दार बंद असतं, म्हणून यात्रापुस्तिकेवरचा पहिला शिक्का आदल्या संध्याकाळीच घ्यावा.

इथे अनेकांची गल्लत होते. इथून सान्तियागो जेमतेम 75 किलोमीटर, आणि कोम्पोस्तेला या यात्रा पुरी केल्याच्या प्रमाणपत्रासाठी पायी किमान 100 लागतात. मायदेशात 25 किलोमीटर चालल्याचा शिक्क्यांसह पुरावा असेल तरच इथली चाल धरतात. तो नसेल आणि प्रमाणपत्र हवंच असेल, तर या वाटेच्या दुसऱ्या, लांबच्या सुरुवातीपासून, फेरोल बंदरातून निघा. दोन्ही वाटा ब्रूमा गावाला मिळतात. इथून गेलात तर सेर्गुदे गावानंतर ब्रूमापर्यंत दमछाक करणारा चढ आहे. तिथल्यासाठी पाय राखून ठेवा, मनोऱ्याच्या पायऱ्या दोनदा चढू नका.