झाकणाला भोक असलेली बाटली

जर्मनीत मानहाइमला येऊन तीन वर्षं झाली आणि अजून मला ऑक्टोबरची सवय झालेली नाही. म्हणजे आपल्याकडचा ऑक्टोबर म्हणजे कशी ती हीट, आणि इथे सकाळी आठला काळोख, दारात ओल्या पानांचा चिखल, आणि सुपरमार्केटात सप्टेंबरपासूनच ख्रिसमसचे लेबकुखन, म्हणजे मसालेदार केक-बिस्किटं, मांडलेले. सप्टेंबरपासून! आपल्याकडे दिवाळीचा चिवडा कोणी श्रावणात विकायला काढला तर कसं वाटेल? पण त्याच दुकानात केशरी होक्काइडो भोपळे पण येतात, त्यांची सालं काढावी लागत नाहीत आणि पाणी इतकं कमी की घारगे आईच्यापेक्षा बरे होतात (हे आईला सांगितलेलं नाही).

तर त्या शनिवारी नवरा म्हणाला चल, वाइनच्या गावांकडे जाऊ, ते नवीन वाइनचे दिवस आहेत. मासिक तिकीट होतंच, गाडीला वेगळा खर्च नाही. नॉयश्टाटला गाडी बदलून एडनकोबेनला उतरलो आणि द्राक्षमळ्यांतून चालत सांक्ट मार्टिनला गेलो. डोंगर, मळे, पिवळी पानं, फोटो खूप काढले, ते सगळं छानच होतं, पुढे जाते.

इथे जी मिळते ती फेडरवायसर. द्राक्षाचा रस, ज्याची वाइन व्हायला लागलीये पण अजून झालेली नाही, गढूळ, गोड, जिभेला चुरचुरणारी. या फाल्त्स भागातले लोक तिला 'नायर वोय' म्हणतात, म्हणजे नवी वाइन, मला मात्र पाटी वाचून आधी केरळचे नायरच आठवले. आपल्या नीरेचं कसं असतं, पहाटे प्यायली तर नीरा, ऊन चढलं की ताडी, तसंच हिचं, फक्त इथे कोणाला ती आंबण्याची घाई नाही आणि भीतीही नाही. सोबत कांद्याचा केक, झ्वीबेलकुखन. केक म्हणायचं फक्त, खरं तर जाड पावासारख्या पिठावर कांदा, क्रीम, अंडं आणि शहाजिऱ्यासारखं काहीतरी. मी विचारलं यात मांस आहे का, तर विकणारी काकू म्हणाली, नाही नाही, थोडंसंच बेकन आहे. थोडंसंच! मी एक तास नुसती नायर वोय पीत बसले आणि नवरा दोघांचा वाटा खात बसला, तोंडावर अपराधीपणा पण जबडा चालूच.

बरं, परतताना एका घराच्या दारात टेबल, वर बाटल्या आणि पैसे टाकायला डबा. आम्ही एक घेतली. झाकण बघितलं तर पातळ पत्र्याचं आणि त्याला चक्क भोक. मला वाटलं खराब आहे. म्हणून दुसरी घेतली, तिलाही भोक. तिसरीलाही. मग मी म्हटलं असेल काहीतरी, आणि बाटली सॅकमध्ये टाकली. आडवी.

परतीची एक गाडी रद्द झाली, तासभर फलाटावर कुडकुडलो, आणि पुढच्या गाडीत सॅक वरच्या रॅकवर ठेवली. दहाएक मिनिटांनी समोरच्या आजींच्या कोटाच्या बाहीवर थेंब. आजींनी वर पाहिलं, मी वर पाहिलं, आणि माझ्या सॅकमधून थब थब थब गोड, आंबूस, चिकट धार. मला तर रडायलाच येईल असं वाटलं, कारण इथे लोक शिस्तीबद्दल किती टोकतात ते माहीत आहे, मी सॉरी सॉरी करत सॅक उचलली तर आतला स्वेटर, पासपोर्टचं पाकीट, सगळं वाइनने न्हालेलं.

आजींनी बाही हुंगली. आणि हसल्या! बाटली माझ्या हातून घेतली, दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली, आणि म्हणाल्या, 'डेअर लेब्ट नॉख'. ती अजून जिवंत आहे. आत यीस्ट काम करतंय, गॅस होतोय, म्हणून भोक, बंद केलीस तर फुटेल, आडवी केलीस तर पळेल. मग मानहाइम येईपर्यंत, अर्धा तास, त्यांनी ती तशीच धरून ठेवली, मला परत दिलीच नाही. लहान मुलाला मांडीवर बसवावं तशी. मी दोनदा हात पुढे केला. उतरताना दिली आणि वर कागदी पिशवीतून मूठभर केश्ड दिले. केश्ड म्हणजे चेस्टनट, त्या डोंगरात झाडंच झाडं आहेत, आणि त्यांच्याच लाकडाच्या मेढी पूर्वी द्राक्षवेलींना लावत. आमच्या रस्त्यावर पडतात ते घोड्याचे चेस्टनट, ते विषारी, हे मला पहिल्या वर्षी शेजारणीने वेळेत सांगितलं म्हणून बरं. खायचे ते दाट, बारीक काट्यांच्या बोंडातले.

मागे एकदा ओव्हनमध्ये चिरा न पाडता भाजले होते तर फटाके फुटले, म्हणून या वेळी आडवी चीर पाडून कुकरमध्ये मिठाच्या पाण्यात उकडले. बाटलीत जेमतेम दोन ग्लास उरली होती, ती सिंकमध्ये उभी करून ठेवली आणि रात्रभर फुसफुसत राहिली. सॅकला अजून वास आहे. आईला व्हिडिओवर चेस्टनट सोलून दाखवला, खाऊन चव सांगितली, पिठूळ, जराशी गोड, तर तिने कॅमेऱ्याजवळ डोळे आणून बघितलं.

'अगं, फणसाच्या आठळ्या आहेत की या! एवढ्या लांब जाऊन आठळ्या खातेस?'