पंचवीस डॉलरचा गुलमोहर

फ्लोरिडात आल्यापासून मला लिलाव बघायची आवड लागलीय, आणि त्यात हॅरॉल्ड न्यूटनचं ऑइल पेंटिंग असणार असेल तर मी प्रिव्ह्यूलाच, म्हणजे लिलावाआधी चित्रं बघायला ठेवतात तेव्हाच, जाऊन उभी राहते. नाव तुम्ही ऐकलं नसेल, फ्लोरिडाबाहेर अमेरिकेतही फार लोकांना माहीत नाही. पण माणूस काय रंगवायचा! वादळाआधीचं आभाळ, खाडीचं पाणी, वाऱ्याने वाकलेली ताडाची झाडं, आणि गुलमोहर, हो आपलाच गुलमोहर, इथेही मे-जूनमध्ये तसाच लालभडक फुलतो.

न्यूटन फ्लोरिडातल्याच फोर्ट पिअर्स गावच्या कृष्णवर्णीय चित्रकारांपैकी, ज्यांना आता 'हायवेमेन' म्हणतात. एकूण 26 जण. हे नाव 1990च्या दशकात मिळालं, चित्रं मात्र 1950च्या दशकापासूनची. तेव्हा गोऱ्यांच्या गॅलऱ्या काळ्या माणसाचं चित्र भिंतीला लावत नसत, आणि यांच्यासमोर दुसरं काम म्हणजे संत्र्याच्या बागेत नाहीतर टोमॅटोच्या शेतात मजुरी. मग यांनी चित्रं गाडीच्या डिकीत टाकली आणि यूएस वन हायवेवरच्या मोटेल, बँका, डॉक्टरांचे दवाखाने, जिथे दार उघडेल तिथे जाऊन विकली, साधारण 25 डॉलरला एक. बीन बॅकस नावाचा गोरा चित्रकार तिथेच राहायचा, त्याने आपल्या स्टुडिओचं दार यांना उघडं ठेवलं, हायवेमेनपैकीच आल्फ्रेड हेअर त्याच्याकडे शिकला आणि न्यूटनलाही निसर्गचित्रांकडे त्यानेच वळवलं.

कॅनव्हास परवडायचा नाही म्हणून अप्सन बोर्ड, म्हणजे घराच्या भिंतींना लावायचं कागदाच्या लगद्याचं स्वस्त बोर्ड, आणि फ्रेम म्हणून छताच्या कडेची लाकडी पट्टी. हेअर तर एकदम बरेच बोर्ड ओळीने लावायचा, आधी सगळ्यांवर आभाळ, मग सगळ्यांवर पाणी, मग झाडं. रंग ओले असतानाच माल गाडीत. 1970मध्ये एका बारमध्ये गोळी लागून तो गेला, वय फक्त 29.

आता हीच चित्रं लिलावात येतात. प्रिव्ह्यूला जाणकार आधी चित्र उलटं करून मागचं बोर्ड बघतात, पट्टी जुनी आहे का बघतात, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून नंतर कुठे रंग लावलाय का ते शोधतात, कारण भाव चढले तशी नकली चित्रंही आली. कॅटलॉगमध्ये एस्टिमेट म्हणजे अंदाजे किंमत छापलेली असते, खाली रिझर्व्ह, म्हणजे ज्याखाली विकायचंच नाही ती किंमत, ठरलेली असते ती आपल्याला सांगत नाहीत, आणि 8,000 डॉलरला हातोडा पडला तरी घेणाऱ्याला 10,000च्या आसपास पडतं कारण वर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून लिलावगृह घेतं ते कमिशन, बऱ्याच ठिकाणी 20-25 टक्के. न्यूटनच्या चांगल्या मोठ्या चित्राला पाच आकडी बोली लागू शकते.

आणि इथेच मला राग येतो. त्यातला एक डॉलरही चित्रकाराच्या घरी जात नाही. अमेरिकेत पुनर्विक्रीतला वाटा चित्रकाराला देणारा देशपातळीवरचा कायदाच नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात कलम 53अ आहे, 10,000 रुपयांवरच्या पुनर्विक्रीत चित्रकाराचा किंवा वारसाचा वाटा धरलेला आहे, अंमलबजावणीबद्दल बोलायचं तर वेगळी पोस्ट होईल, पण निदान हक्क कागदावर तरी आहे. न्यूटन 1994ला गेला, भाव खरे चढले ते त्यानंतर. ज्याने दारोदार फिरून विकलं त्याला पंचवीस, आणि ज्याच्या आजोबांच्या दवाखान्यात ते टांगलेलं होतं त्याला हजारो, हे मला पटत नाही, कितीही कायदेशीर असलं तरी.

सगळ्या 26 जणांत बाई एकच, मेरी ॲन कॅरोल. सात मुलं एकटीने वाढवली, चित्रं विकून. तिचा गुलमोहर 2011मध्ये तिने स्वतः मिशेल ओबामांना भेट दिला. ती 2019मध्ये गेली.

कोणी ऑरलँडोला येणार असाल तर एक दिवस डिस्नेतून काढा आणि फोर्ट पिअर्सला बॅकस म्युझियममध्ये जा, गाडीने दोनेक तास लागतात. आणि घ्यायचंच असेल तर लिलावाऐवजी जे हयात हायवेमेन किंवा त्यांची मुलं-नातवंडं अजून रंगवतात त्यांच्याकडून घ्या, पैसे थेट त्यांच्या हातात जातील.