शेरा: प्रेरणा कमी

व्यसनमुक्ती वॉर्डात समाजसेविका म्हणजे लोकांना समजावणारी बाई, असा सगळ्यांचा समज आहे. माझं निम्मं काम पत्ते शोधायचं असतं. पहिले चार-पाच दिवस पेशंट डॉक्टरांचा. हात थरथरतात, कुणाला भिंतीवर मुंग्या दिसतात, ग्लुकोज लावण्याआधी बी-वनचं इंजेक्शन गेलंय ना हे सिस्टर दोनदा बघतात. मग तो माझ्याकडं येतो. डिस्चार्जला मी एएच्या, म्हणजे 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या दारू सोडू बघणाऱ्यांच्या निनावी संघटनेच्या, सभेचा पत्ता देते आणि फाइलीत खूण करते. ही खूण मी अकरा वर्षं करतेय.

पत्ता मात्र मी कुठलाही देत नाही, एवढा अभिमान मला होता. पाळी कधी सुटते, पगार कुठल्या वारी होतो, जायच्या वाटेवर देशीची दुकानं किती आहेत, सगळं विचारून घेते. पगाराच्या संध्याकाळी सभा असेल तर उत्तम. घरची भाषाही बघावी लागते. सोलापुरात माणूस मराठीत हिशेब करतो, पण रडतो तेलुगूत नाहीतर कन्नडमध्ये.

जॉबरमामा पूर्व भागातले. टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं. आधी कांड्या भरल्या, मग माग चालवले, मग जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, झाले. धोटा कुठं अडकतोय हे हात लावून सांगणारा माणूस. बायको विड्या वळते. ती भेटायला यायची तीही हजार विड्या कारखान्यात जमा करून. दोघांना मराठी चांगलं येतं. माझ्या खोलीत मामा सगळं ऐकून घ्यायचे, नेमकी उत्तरं द्यायचे. मला वाटलं, हा माणूस टिकणार.

पहिल्या सभेहून आले आणि म्हणाले, "साहेब लोक होते." मी ग्रुप बदलला. दुसरीकडून आले, "चांगलं होतं." काय चांगलं होतं ते सांगता येईना. तिसऱ्या सभेतून अर्ध्यात उठून आले आणि त्या रात्री प्यायले. आमच्या ज्युनियर डॉक्टरांनी 'डिनायल', म्हणजे व्यसन आहे हेच मानत नाही, म्हणून निकाल लावला. हल्लीच्या पोरांना हा शब्द फार आवडतो. त्यांना कशाला बोलू, मीही फाइलीत लिहिलंच: प्रेरणा कमी.

चौथ्या वेळी मी सोबत गेले. सभा खुली होती म्हणून जाता आलं. बंद सभेत फक्त दारूचा त्रास असलेलेच बसतात. शाळेचा वर्ग, गोलात खुर्च्या, वर खडखडणारा पंखा. एक गृहस्थ मान खाली घालून बोलत होते. मुलीच्या साखरपुड्यात आपण काय करून बसलो, ते. आवाज इतका बारीक की मीच पुढं वाकून ऐकत होते. आणि मामा हसले. छान, मोकळं, मान डोलावत. बोलणारे थांबले. मला लाजेनं मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर मी मामांवर भडकले. बायकोनं माझा हात धरला. "रागावू नका ओ मॅडम. आमच्या मालकांना ऐकू कुठं येतंय?"

"माझ्याशी तर नीट बोलतात!"

"तुमचं तोंड बघतात की."

मी पिशवीतली फाइल तोंडापुढं धरली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "मामा, जेवलात का?"

"हो मॅडम," मामा म्हणाले, "सोडली."

महिन्याभरात जो भेटेल तो त्यांना एकच गोष्ट विचारत होता. त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं.

मागांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचावे लागतात, खुणा कराव्या लागतात. कामगार हे शिकतोच, आणि कान गेल्याचं त्याला स्वतःलाही उशिरा कळतं. आवाजानं आधी बारीक, उंच स्वर जातात. कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, पण 'स' की 'फ' ते कळत नाही. पंखा लागला की तेवढंही जातं. कानाच्या डॉक्टरांचा आलेख अगदी हेच सांगत होता. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. तीस वर्षं मागावर काढलेला माणूस समोर बसला होता आणि मी त्याची पाळी विचारली, पगार विचारला, वाटेवरची दुकानं मोजली. कान विचारले नाहीत.

एए १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं, तेव्हापासून पद्धत तीच: एका दारुड्यानं दुसऱ्याला आपली गोष्ट सांगायची. यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. ती इच्छा मामांना होती. गोष्टच पोचत नव्हती.

मग मी फोन करत सुटले. "तुमचा पंखा फार वाजतो का हो?" दोघांनी फोन ठेवला. तिसऱ्या ग्रुपचे सेक्रेटरी हसले आणि म्हणाले, "आमच्यात एक जुने मागवाले आहेत. ते ओरडूनच बोलतात, आम्हीच वैतागलोय." दहा-बारा माणसं, लहान खोली, भरपूर उजेड. बोलणाऱ्यानं मामांच्या समोर बसायचं, असं त्यांनी आपसात ठरवलं. मी देणगीतून छोटा माइक द्यायला निघाले तर नाही म्हणाले. बाहेरचा पैसा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. आमच्या ऑफिसला मात्र 'उपस्थितीचा सही-शिक्का' हवा आहे. निनावी संघटनेकडून शिक्का कुठून आणू, हे कोणी सांगत नाही.

मामा जातात. मध्ये एका पगाराला घसरले, दुसऱ्या दिवशी परत गेले. कानाच्या मशीनला अजून तयार नाहीत.

गेल्या आठवड्यात जुन्या फाइली काढल्या. 'प्रेरणा कमी' हा शेरा असलेल्या, माझ्या अक्षरातल्या. धंद्याच्या रकान्यात 'यंत्रमाग' लिहिलेल्या सात निघाल्या. चौघांचे नंबर बंद आहेत. एकाच्या बायकोनं उचलला. ते कुठं आहेत म्हणून विचारलं, तर ती बराच वेळ काहीच बोलली नाही.