पी-१ की पी-२, पाटी बघाच
आज आईला घेऊन लक्ष्मी रोडला साडी घ्यायला गेलो, वीस मिनिटांत बाहेर येतोय तर गाडी जागेवर नाही. टोइंगवाले घेऊन गेले, शेजारचा फुलवाला म्हणाला. आई गुडघे धरून पायरीवर बसली, साडीची पिशवी मांडीवर, खूप वाईट वाटलं. ५०० दंड, टोइंगचे वेगळे, आणि परत तीच चूक झाली तर १५००. पी-१ म्हणजे विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ सम तारखेला, आज सम तारीख आणि मी लावली पी-१ ला. पाटी फांदीआड होती, तरी मान वर करून बघायला हवं होतं राव. घरी येऊन महाट्रॅफिक ॲप उघडलं तर मार्चचं एक चलन पण पेंडिंग, तेही लगेच भरलं.