निऱ्या मागे, पिन एकाच पदराला

एडिंबरात किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, भाड्याने देणाऱ्या दुकानात शुक्रवार म्हणजे अक्षरशः लगीनघाई. शनिवारच्या लग्नाचे कपडे गुरुवारी-शुक्रवारी न्यायचे आणि सोमवारी परत आणायचे, अशी पद्धत. त्यात ऑगस्ट, म्हणजे फेस्टिव्हलची तोबा गर्दी. मी मूळची इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली. कापडाचंच पुढचं शिक्षण घ्यायला गॅलाशील्सला आले आणि मग इथेच गळ्यात टेप पडली. गिऱ्हाईक बहुतेक स्कॉटिश, नाहीतर पूर्वजांच्या शोधात आलेले अमेरिकन आणि कॅनेडियन. त्यामुळे ट्रायल रूमच्या पडद्याआडून "अरं, ह्ये घोंगडं बांधायचं तरी कुठनं?" असं ऐकू आलं, तेव्हा आधी पोटभर हसून घेतलं.

कुटुंब सांगलीकडचं. मुलगा ग्लासगोत नोकरीला, मुलगी इथलीच. नवरदेव, त्याचे वडील, मामा आणि एक कॉलेजातला चुलतभाऊ, असे चौघे किल्ट घालणार होते. मी "मामा, थांबा, मी सांगते" म्हटल्यावर पडदा बाजूला झाला. मामांनी किल्ट उलटा नेसला होता. निऱ्या पुढे, सपाट भाग मागे.

"निऱ्या पुढंच असत्यात की गं पोरी. धोतर बघ, लुगडं बघ."

त्यांच्या बाजूने विचार केला तर बरोबरच होतं. पण किल्टच्या निऱ्या मागे. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. आतला पदर डावीकडे नेऊन त्याचा पट्टा तिथल्या चिरेतून बाहेर काढायचा आणि बकल लावायचं. मग वरचा पदर उजवीकडे आणून तिकडची बकलं. पुरुषाच्या किल्टची झालर नेहमी उजव्या अंगाला. पूर्ण किल्टला आठ यार्ड लोकरी कापड जातं, म्हणजे सव्वासात मीटर, आणि त्यातलं बहुतेक मागच्या निऱ्यांत. चालताना मागून जो झोल येतो तो ह्या वजनाचा.

काकांची, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांची, अडचण वेगळी. माप पाठवताना त्यांनी पँटीचा नंबर दिला होता. पँट पोटाखाली बसते, किल्ट बेंबीपाशी. बकल चार बोटं लांब राहिलं. असं दर आठवड्याला कुणाचं तरी होतंच, म्हणून मोठ्या मापाचे किल्ट हाताशी असतात. पण दुसरा आणला तर काकांनी तोही सवयीने खाली ओढला आणि काठ पोटरीवर आला. "काका, गुडघ्यावर बसा." ते देवघरात बसल्यासारखे बसले. असं बसल्यावर काठ जमिनीला टेकता कामा नये, जेमतेम इंचभर वर राहिला पाहिजे, म्हणजे उभं राहिल्यावर गुडघ्याच्या मध्यावर येतो. काकांचा काठ सतरंजीसारखा पसरला होता. वर ओढून बकलं लावली तेव्हा ते म्हणाले, "आता जेवायचं कसं?"

तेवढ्यात नवरीचे आजोबा आले. हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या रेजिमेंटमधून निवृत्त झालेले, काठी टेकत पण ताठ. त्यांना बघून नवरदेवाचा चेहरा उतरला. नंतर कळलं, ऑफिसातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की ज्या घराण्यात जन्म नाही त्याचं टार्टन, म्हणजे त्याच्या ठरावीक चौकड्यांचं कापड, घालणं हा त्या घराण्याचा अपमान. आणि त्याच्या अंगावर नवरीच्या आजोळचंच टार्टन होतं.

हे मला जवळपास रोज ऐकावं लागतं, म्हणून सांगते. कुणी कुठलं टार्टन घालावं याचा कायदा नाही. 2008 च्या कायद्याने सरकारी टार्टन नोंदवही सुरू झाली, पण ती नमुने नोंदवते, परवानगी देत नाही. बालमोरल टार्टन राजघराण्यासाठी राखीव मानतात, तेवढं पाळावं. मुळात प्रत्येक आडनावाला एक टार्टन ही समजूत बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. कलोडनच्या लढाईत हायलँडचे बंडखोर हरले, त्यानंतर 1746 च्या कायद्याने हायलँडचा पोशाखच बंद केला. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने कैद, पुन्हा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार. सूट फक्त सैन्याला. बंदी उठली 1782 साली. मग 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरात आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाट उभा केला आणि राजेसाहेब आखूड किल्टखाली गुलाबी तलम विजार घालून मिरवले. त्यानंतर टार्टनला जो भाव चढला, त्यात घराण्यांची यादीही लांबत गेली.

घराण्याच्या मानचिन्हाचं मात्र तसं नाही. ते सरदाराचं, भोवती पट्टा-बकल असलेलं चिन्ह त्याच्या माणसांनी लावायचं. म्हणून नवरदेवाला मी आधीच चिन्ह नसलेली साधी पिन दिली होती.

आजोबांनी टार्टनचा विषयसुद्धा काढला नाही. ते थेट चुलतभावासमोर जाऊन उभे राहिले. पोराने वारा लागू नये म्हणून किल्टची पिन दोन्ही पदरांतून आरपार टोचली होती. आजोबांनी वाकून ती काढली, भोकं पडलेल्या जागी नखाने कापडाचे धागे सारखे केले आणि फक्त वरच्या पदराला, खालच्या उजव्या कोपऱ्यापाशी लावली. मला म्हणाले, "त्याला सांग, ही कडी नाही, वजन आहे." दोन्ही पदर शिवले गेले की चालताना कापड ताणतं आणि फाटतं. मला त्यांची ही पद्धत फार आवडली. नियम मोडल्यावर कापडाचं किंवा माणसाचं काय बिघडतं ते बघायचं. काहीच बिघडत नसेल तर गप्प बसायचं. आमच्या दुकानातली निम्मी मंडळी ह्याच्या बरोबर उलट वागतात.

मग स्पोरन. किल्टला खिसे नसतात, म्हणून पुढे ही पिशवी. प्रिन्स चार्ली, म्हणजे संध्याकाळच्या थाटाच्या आखूड जाकिटावर केसाळ स्पोरन शोभतं, असा संकेत. माळकरी काकांनी केसाळ कातडं बघून हात मागे घेतला. मामा म्हणाले, "भावजी, पायात चामडं चालतंय आणि केसच तेवढं चालंनात व्हय?" काकांनी उत्तर दिलं नाही. मी साधं चामड्याचं, दिवसा वापरायचं स्पोरन काढलं आणि प्रिन्स चार्लीऐवजी आर्गाइल जाकीट दिलं. लग्न दुपारचं होतं, त्यामुळे हेच जास्त योग्य. आजोबांनी मान डोलावली. वेस्टकोट आहे म्हटल्यावर पट्टा मात्र काढायला लावला.

चुलतभावाचा सगळा जीव मोज्यातल्या सुरीत, म्हणजे स्किअन डूत. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या मोज्यात खोचायची, वर फक्त मूठ दिसली पाहिजे. "पोलीस धरणार नाहीत?" नाही. 1995 च्या स्कॉटिश कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून पातं बाळगायला मुभा आहे. शिखांच्या कृपाणाला धार्मिक कारणाची मुभा आहे, तीही त्याच कलमात. विमानात मात्र सामानातच. आत काय घालतात, हेही त्याने विचारलं. दुकानाचं उत्तर ठरलेलं: स्वतःचा असेल तर तुमची मर्जी, भाड्याचा असेल तर चड्डी.

बसताना मागच्या निऱ्यांवरून हात फिरवायचा, मगच टेकायचं. नाचताना स्पोरन कमरेच्या बाजूला सरकवायचं. एवढं शिकवून मंडळींना पाठवलं.

सोमवारी कपडे घेऊन एकटे मामा आले. स्पोरन रिकामं आहे ना म्हणून मी उघडलं, तर आत दोन टॉफ्या, वरमाईचा चष्मा आणि सुपारीची पुडी. ते म्हणाले, "भावजींना एक इकत घ्यायचाय. सांगलीत रिसेप्शनला. ते लाजत्यात इचारायला."

मी सांगितलं, यार्डाला सोळा औंस वजनाचं कापड सांगलीत अंगावर ठरणार नाही, तेरा औंसाचं घ्या, आणि हाताने शिवायला काही आठवडे लागतील. किंमत ऐकून मामा थोडा वेळ गप्प बसले.

"माप पँटीचं नको ना?"

"नको. बेंबीपाशी घ्यायचं. आणि जेवण झाल्यावर घ्या."