प्रवासाचा उद्देश: मासेमारी

व्हिसा, विमानाचं तिकीट, तिथला मासेमारीचा परवाना, हे सगळं मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. अडकलो ते आमच्याच कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, आस्थापना शाखेत. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. निमसरकारी आहे, मुंबईत आहे आणि मला अजून तिथेच नोकरी करायची आहे.

आधी जायचं कुठे होतं ते सांगतो. माझा मावसभाऊ न्यूझीलंडला हॅमिल्टनमध्ये असतो. फ्लाय फिशिंगचा, म्हणजे हुकावर पिसं-दोरे बांधून केलेला नकली किडा (फ्लाय) फेकून मासे धरण्याचा, नाद मला दादानेच लावला. त्याच्या घरापासून अडीचेक तासांवर तुरांगी नावाचं छोटं गाव आहे. गावाला लागून टोंगारिरो नदी वाहते आणि पुढे टाउपो तलावाला मिळते. तलावातले रेनबो ट्राउट थंडीत अंडी घालायला या नदीत वर चढतात. थंडी म्हणजे तिथली, जून ते सप्टेंबर. आपण इकडे लोकलच्या दारात ओल्या छत्र्या सांभाळत असतो तेव्हाची. हा मासा मूळचा तिथला नव्हे. १८८३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातून अंडी आणली गेली, त्याची ही पिलावळ. पण आता पैदास नदीतच होते, म्हणून याला रानटी ट्राउट म्हणतात. तळ्यात पोसलेल्या माशाला आणि याला एकाच नावाने हाक मारू नये, असं माझं मत झालंय.

आपल्याकडे ट्राउट नाहीत असं नाही. पण हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते आणि काश्मीरचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. थंडीतच उभं राहायचं असेल तर विषुववृत्त ओलांडावं लागतं.

आता फाईल.

आमच्याकडे खासगी कामासाठी परदेशी जायचं तरी ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याचं एक प्रपत्र आहे: कुठे जाणार, किती दिवस, अंदाजित खर्च, पैसे कुठून आणणार, याआधी कधी परदेशी गेला होतात. आणि मधोमध बोटभर रुंदीचा एक रकाना, ‘प्रवासाचा उद्देश’. मी लिहिलं, ‘मासेमारी (छंद)’. खरं तेच लिहिलं. गुढीपाडवा होऊन गेला होता, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या होत्या, म्हटलं जुलैअखेर जायचंय तर वेळ भरपूर आहे.

टेबलावरच्या मॅडमनी प्रपत्र वाचलं, पुन्हा वाचलं.

“मासे विकणार का तिकडे?”

म्हटलं, मॅडम, तिकडे ट्राउट विकायला कायद्यानेच बंदी आहे. हॉटेलच्या मेनूतही नसतो. तुम्ही स्वतः धरून आणलात तर शिजवून देतात, एवढंच.

“मग घरी आणणार?”

“नाही, बरेचसे सोडूनच देतो.”

या उत्तराने माझं नुकसान केलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. विकायचे नाहीत, खायचे नाहीत, आणि त्यासाठी माणूस लाखावर खर्च करून जातो. यात काहीतरी पाणी मुरतंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. त्यांना दोष देत नाही. माझी बायकोही हेच म्हणते.

पुढच्या आठवड्यात गेलो तर फाईलवर टिपणी चढली होती. पाठ झाली आहे, तशीच देतो: ‘अर्जदाराने प्रवासाचा उद्देश मासेमारी असा नमूद केला आहे. सदर बाब खासगी व्यवसाय या सदरात मोडते किंवा कसे, याबाबत विधी शाखेचे अभिप्राय व्हावेत.’ झालं. फाईल विधी शाखेत गेली. तिथल्या साहेबांनी समासात पेन्सिलने ‘चर्चा करावी’ एवढंच लिहिलं आणि ते रजेवर गेले. कोणी कोणाशी चर्चा करावी हे पेन्सिलीला माहीत. ज्यांनी सरकारी फाईल पाहिली आहे त्यांना सांगायला नको, ‘चर्चा करावी’ हा शेरा म्हणजे फाईल झोपवायची गोळी आहे.

साहेब परत आले, चर्चा झाली, माझ्याकडून हमीपत्र घेतलं: ‘परदेशातील वास्तव्यात मी कोणताही व्यवसाय अथवा उत्पन्नाचे काम करणार नाही.’ दिलं. मग खर्चाच्या रकान्यात मी ‘मासेमारी परवाना शुल्क’ अशी एक ओळ लिहिली होती, तिच्यावर प्रश्न आला. परदेशी सरकारचा परवाना कशाला? मग मी ते छापून नेलं: टाउपो भागाचा परवाना न्यूझीलंडच्या बाकीच्या भागापेक्षा वेगळा असतो, तो तिथल्या निसर्गसंवर्धन खात्याकडून ऑनलाइन मिळतो, एका दिवसाचाही मिळतो आणि वर्षाचाही, वर्ष १ जुलै ते ३० जून. कागद बघून मॅडम म्हणाल्या, “हे इंग्रजीत आहे, मराठीत सारांश जोडा.” जोडला.

मग नात्याचा पुरावा. दादाचं आडनाव वेगळं, माझं वेगळं. मावसभाऊ असल्याचं सिद्ध करा म्हणे. मला सांगा, या देशात किती मावसभावांची आडनावं सारखी असतात? शेवटी आईचा आणि मावशीचा शाळा सोडल्याचा दाखला शोधला. मावशीचा दाखला सांगलीला लोखंडी पेटीत होता, तो मामेबहिणीने फोटो काढून पाठवला. दोघींच्या नावापुढे आजोबांचं नाव बघून आस्थापना शाखेचं समाधान झालं.

यानंतर आला तो खरा कळस. व्हिसाच्या अर्जाला नोकरीच्या ठिकाणचं रजा मंजुरीचं पत्र लावायचं होतं. रजा मंजूर करायला ना हरकत हवी. आणि ना हरकतीच्या फाईलवर नवीन शेरा: ‘व्हिसाची प्रत जोडावी.’ मी टेबलासमोर उभा राहून हे चक्र बोटाने हवेत काढून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं, पण प्रपत्रात तसंच आहे.” त्या दिवशी मी कँटीनमध्ये जाऊन दोन चहा एकापाठोपाठ प्यायलो आणि कोणाशीही बोललो नाही.

सोडवलं ते आमच्या जुन्या हेडक्लार्क भाऊसाहेबांनी. निवृत्तीला आलेला माणूस, आयुष्यभर फाईली चालवलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी बाजूला केली आणि म्हणाले, “अहो, भावाकडे उतरणार ना तुम्ही? मग ‘नातेवाइकांची भेट व पर्यटन’ लिहा. आणि खाली एक ओळ: व्हिसा प्राप्त होताच प्रत सादर करण्यात येईल. नवीन अर्ज करा, जुना मागे घ्या.” केलं. चार दिवसांत सही! तीच माणसं, तोच प्रवास, तीच नदी. आनंद झाला की संताप, अजून ठरलेलं नाही. ‘मासेमारी’ खोडून ‘पर्यटन’ लिहिताना मला खरोखर वाईट वाटलं, कारण पर्यटन मी तिथे अजिबात केलं नाही.

तुम्ही अशा कार्यालयात असाल तर एवढं करा. अर्जाची एक प्रत आवक शिक्का मारून स्वतःकडे ठेवा, आवक क्रमांक मोबाइलमध्ये लिहा. शुक्रवारी दुपारी कधीही चौकशीला जाऊ नका. आणि आईवडिलांचे दाखले आजच स्कॅन करून ठेवा.

फाईल फिरत होती तेव्हा मी हात बसवत होतो. फ्लाय रॉड फेकणं हे आपल्या गळ टाकण्यासारखं नाही. साध्या फ्लायला वजन नसल्यासारखंच असतं, वजन लाइनला, म्हणजे दोरीला असतं. लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे फेकायचं. शिवाजी पार्कात पहाटे, क्रिकेटवाले यायच्या आत, टोकाला हुकाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून सराव केला. हुक लावून मैदानात सराव करू नका, सकाळी फिरायला येणारी मंडळी असतात. पाऊस सुरू झाल्यावरही जात राहिलो, अंगात वेडर्स (नदीत उभं राहायची, पाणी आत न येऊ देणारी उंच विजार) आणि पायात त्यांचे बूट घालून, म्हणजे चालायची सवय होईल.

त्यावरून आठवलं, बूट. न्यूझीलंडला जाताना वापरलेलं मासेमारीचं सामान स्वच्छ आणि कोरडं असावं लागतं. २००४ मध्ये तिथल्या दक्षिण बेटावरच्या नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते ओल्या सामानातून एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं. उत्तर बेटावर, म्हणजे टोंगारिरोकडे, ते अजून पोचलेलं नाही आणि पोचू नये म्हणून सगळी धडपड. नमद्याचे, म्हणजे फेल्टचे तळ असलेले बूट तर तिथे वापरायलाच बंदी आहे. रबरी तळाचेच घ्या. नियम असा की सामान आतून-बाहेरून हाताला कोरडं लागलं, की त्यानंतर आणखी ४८ तास वाळू द्यायचं.

आता जुलैत, भांडुपमध्ये, बूट वाळवून दाखवा! वर्तमानपत्र कोंबलं, दिवसातून दोनदा बदललं, पंख्याखाली ठेवले, फ्रिजच्या मागे ठेवले. शेवटी बेडरूमचा एसी ड्राय मोडवर टाकून दार बंद केलं आणि आम्ही सगळे हॉलमध्ये झोपलो. त्यानेच वाळले. वीजबिलावर घरात काय बोलणं झालं ते इथे नको. शहाणपणा हाच, की नवे बूट घ्या आणि खोक्यातूनच न्या.

ऑकलंडला उतरल्यावर सगळं जाहीर करा: बूट, वेडर्स, पिसांच्या फ्लाय. जाहीर केलं की तपासतात, बस. लपवलं आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. अधिकारी बाईंनी माझे बूट उलटे करून तळाच्या खाचांत बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, छान साफ केलेत. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या सगळ्या महिन्यांत असं एक वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं.

नदीबद्दल थोडक्यात. रेड हट नावाचा डोह आहे, जवळच झुलता पूल. सकाळी गवतावर हिम साचलेलं, बोटं बधिर. टोंगारिरोवर फक्त फ्लायनेच मासेमारी चालते आणि लाइनला शिसं लावता येत नाही, वजन फ्लायमध्येच हवं. म्हणून टंगस्टनचा मणी असलेली जड निम्फ, म्हणजे पाण्यात बुडणारी फ्लाय, बांधतात, तिच्यामागे अंड्याच्या रंगाची छोटी फ्लाय आणि वर पाण्यावर तरंगणारा लोकरीचा गुंडा. थंड पाण्यात मासा तळाशी बसून असतो, खाण्यामागे धावत नाही. फ्लाय त्याच्या तोंडासमोरून न्यावी लागते. प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेकायचं, गुंड्यावर नजर ठेवायची. गुंडा जरा जरी अडखळला, की रॉड उचलायची. दहापैकी नऊ वेळा दगड असतो.

दहाव्या वेळी दगड पळायला लागतो.

तलावातून नुकताच आलेला ट्राउट चांदीच्या पत्र्याचा असतो, बाजूला जेमतेम गुलाबी झाक. नदीत राहील तसा काळवंडतो आणि पट्टा लालभडक होतो. पाऊस पडून नदी चढली आणि उतरायला लागली, की नवे मासे आत येतात. मुंबईतून पळून गेलेला मी तिथे दादाच्या घरी रोज पावसाचा अंदाज बघत होतो, पडू दे म्हणून.

मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, पाण्याबाहेर काढू नका. हवा गोठण्याइतकी थंड असेल तर कल्ल्यांना इजा होते. उथळ पाण्यात खडीचा उजळ, साफ केलेला पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका, तिथे अंडी असतात. वेडर्सचा पट्टा कमरेला घट्ट बांधा, पडलात तर पाणी आत भरत नाही. दादाने हे मला गाडीतच तीनदा सांगितलं होतं.

आणि गॉगल व टोपी. ऊन असो नसो. ती टंगस्टनची निम्फ वाऱ्याने वळून डोक्याच्या मागे बसते तेव्हा चांगलीच लागते, आणि डोळ्यात गेली तर मोठं इस्पितळ तुरांगीपासून लांब आहे.